हमसाये आणि एक तार

उर्दूत शेजाऱ्याला ‘हमसाया’ म्हणतात. साया म्हणजे सावली. एकाच सावलीत राहणारे ते हमसाये. वर्गात हा शब्द शिकवला की मुलं उदाहरणं देतात ती आपल्या गल्लीतलीच. म्हणून हल्ली मी फळ्यावर त्रिपुराचा नकाशा काढते.

त्रिपुराच्या तीन बाजूंना बांगलादेश आहे. आगरतळा शहर सरहद्दीला इतकं चिकटलेलं, की पलीकडचं आखाउरा हाकेच्या अंतरावर वाटावं. पण आगरतळ्याहून आपल्याच देशातून कोलकात्याला जायचं तर आसाम ओलांडून, सिलिगुडीजवळच्या चिंचोळ्या पट्ट्यातून सुमारे १,६०० किलोमीटरचा वळसा. बांगलादेशातून गेलं तर अंतर जेमतेम एक तृतीयांश.

इंटरनेटनेही हाच वळसा घालायचा. जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबल आपल्याकडे मुख्यतः मुंबई आणि चेन्नईला किनाऱ्यावर येतात. तिथून अर्धा देश आणि ईशान्येचे डोंगर पार करून तार आगरतळ्याला पोचणार. वाटेत कुठे दरड कोसळली, कुठे रस्ता खोदताना जेसीबी लागला, की संपलं.

२३ मार्च २०१६ रोजी हा वळसा चुकवला गेला. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या किनाऱ्यावरून आखाउरामार्गे आगरतळ्याला १० जीबीपीएस बँडविड्थ मिळाली आणि मुंबई, चेन्नईनंतरचं देशाचं तिसरं आंतरराष्ट्रीय प्रवेशद्वार त्या छोट्या शहरात उघडलं. त्याच दिवशी त्रिपुरातून बांगलादेशातल्या कोमिल्ल्याला १०० मेगावॅट वीज सुरू झाली. तिकडून तार, इकडून वीज. दोन्हींचे पैसे मोजले गेले, कुणी कुणावर उपकार केले नाहीत. मला हा व्यवहार आवडतो तो त्यासाठीच.

त्या विजेचीही एक गोष्ट आहे. त्रिपुरातल्या पालाटाना वीज केंद्राची अवजड यंत्रं डोंगरातल्या रस्त्यांनी नेणं अवघड होतं. बांगलादेशाने ती आशुगंज बंदरातून जाऊ दिली. त्या गाड्यांसाठी तितास नदीच्या पात्रात भराव टाकावा लागला आणि तिथल्या लोकांनी त्यावर नाराजीही व्यक्त केली. आपल्याकडे ‘शेजाऱ्याने वाट दिली’ एवढंच लक्षात राहतं. वाट देणाऱ्याच्या अंगणात काय झालं, हे आपण विचारत नाही.

म्हणूनच डिसेंबर २०२४ मधली बातमी वाचून मला वाईट वाटलं, पण फारसं आश्चर्य वाटलं नाही. आखाउरामार्गे सिंगापूरची बँडविड्थ ईशान्य भारतापर्यंत नेण्याचा तिथल्या दोन कंपन्यांचा प्रस्ताव होता. बांगलादेशाच्या दूरसंचार नियामकाने तो नाकारला. त्यांचं म्हणणं असं, की यातून भारताचं वजन वाढेल आणि बांगलादेशाची या भागातलं केंद्र होण्याची संधी हुकेल. आपल्याकडे लगेच ‘बघा, उलटले’ असा सूर लागला. मला तो नकार चुकीचा वाटतो, पण प्रश्न रास्त वाटतो: आमच्या जमिनीवरून तार जाणार, तर आम्हाला काय मिळणार?

नकाराची किंमत त्या देशाला माहीत नाही असंही नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला समुद्री केबलशी जोडून घेण्याची संधी आली होती. देशाची गुपितं बाहेर जातील या भीतीने सरकारने ती सोडली, असं तिथले जाणकार सांगतात. पहिली केबल मिळायला २००६ उजाडलं. तीच ही सी-मी-वी ४, कॉक्स बाजारला येणारी. ती मुंबईलाही लागते, चेन्नईलाही, कोलंबोलाही आणि कराचीलाही. जमिनीवर एकमेकांना व्हिसा देताना हात आखडणारे आपण सगळे समुद्राच्या तळाशी मात्र एकाच दोरीला बांधलेलो आहोत. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ ही केबल आणि तिच्या शेजारची दुसरी तुटली, तेव्हा भारत आणि पाकिस्तान दोघांचंही इंटरनेट रांगायला लागलं होतं.

(अर्थात तार कुठूनही येवो, बटण सरकारच्याच हातात असतं. मणिपुरात २०२३ साली इंटरनेट महिनोन्‌महिने बंद होतं, त्यात कुठल्या शेजाऱ्याचा हात नव्हता.)

मग करायचं काय? बांगलादेश स्वतःसुद्धा भारताच्या बाजूने जमिनीवरच्या तारांमधून बरीच बँडविड्थ विकत घेतो, ही गोष्ट आपल्या चर्चेत येतच नाही. दोघंही ग्राहक आहेत आणि दोघंही दुकानदार. तर करार तसाच लिहावा. आपली तार तुटली तर त्यांनी आगरतळा सांभाळायचं. कॉक्स बाजारची केबल दुरुस्तीला गेली तर आपण ढाका सांभाळायचं, ठरलेल्या दराने. तारेच्या वाटेचं भाडं उघडपणे ठरवावं, त्यातला वाटा आखाउरासारख्या सरहद्दीवरच्या गावांच्या जोडणीवर खर्च व्हावा. आणि दिल्लीत किंवा ढाक्यात सरकार बदललं तरी मुदत संपेपर्यंत तार चालूच राहील, हे कलम सगळ्यात वर असावं. २०१६ साली विजेच्या बदल्यात तार मिळालीच होती, तेव्हा हिशेब कसा मांडायचा हे दोन्हीकडच्या बाबूंना माहीत आहे.