कळ दाबून वर्ग बोलका होत नाही

महाविद्यालयीन तरुण वर्गात मुका बसतो, या जुन्या दुखण्यावर संस्थाचालकांना नामी औषध सापडले आहे. पडद्यावर प्रश्न झळकतो, विद्यार्थी ‘क्लिकर’ नावाच्या चिमुकल्या यंत्राची किंवा मोबाइलची कळ दाबतात आणि क्षणार्धात उत्तरांचा आलेख उभा राहतो. सहभागाचा पुरावा तयार! तो मूल्यांकन समितीपुढे ठेवला की संस्थाचालक कृतकृत्य.

मूळ पद्धत टाकाऊ नाही. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी ती १९९१ च्या सुमारास सुरू केली. विद्यार्थ्याने आधी स्वतः उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे. खरे शिक्षण घडते ते या मधल्या वादात. कॅनडातील अध्यापक नॅथनियल लासरी यांनी हीच पद्धत एका वर्गात क्लिकरने, तर दुसऱ्यात साध्या कार्डांनी राबवली. २००८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की विद्यार्थ्यांच्या आकलनात लक्षणीय फरक पडला नाही. यंत्राने मोजणी सोपी केली, एवढेच.

मग तो वाद घडवून आणणार कोण? महाराष्ट्रातील महाविद्यालयांत हजारो अध्यापकपदे रिक्त आहेत आणि त्यांचा भार तासिका तत्त्वावर राबणारे अध्यापक वाहतात. अर्ध्या वर्गाचे उत्तर चुकल्याचे आलेखाने दाखवले, तरी तासाच्या मोलाने राबणाऱ्या या अध्यापकाने थांबावे कसे? घंटा होताच त्याला दुसरे महाविद्यालय गाठायचे असते.

बदलापूरजवळच्या खरवईत औद्योगिक वसाहत आहे. तेथील कामगाराची मुलगी लोकलच्या गर्दीतून महाविद्यालयात पोहोचते आणि वर्गात गप्प राहते. कारण प्रश्न इंग्रजीत असतो आणि चुकले तर हसे होण्याची धास्ती असते. निनावी कळ ही धास्ती घटकाभर दूर करते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ‘क’ हाच पर्याय का निवडला, हे आपल्या मराठीत मांडण्याची मुभा तिला मिळत नाही, तोवर आलेखात तिची चूक तेवढी उमटते. तिचा विचार उमटत नाही.

यंत्रद्वेष हा समाजवादाचा धर्म नव्हे. पवईच्या आयआयटीने क्लिकरची यंत्रणा स्वतः घडवली आहे; अशी सार्वजनिक साधने प्रत्येक महाविद्यालयात अवश्य यावीत. मात्र शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करण्याची कोठारी आयोगाची १९६६ ची शिफारस आजही अपुरी ठेवून पडदे आणि कळा मिरवणे, ही शुद्ध धूळफेक आहे. क्लिकर मिळाले म्हणून हुरळणाऱ्या प्रत्येक संस्थेला कार्यकर्त्यांनी एकच प्रश्न विचारावा : कायम अध्यापक किती नेमले? या प्रश्नाला पर्याय नाहीत. उत्तर आकड्यातच द्यावे लागेल.