आधी वस्तू, मग पैसे

टीव्हीला जोडायचा एक डबा. त्यात सीडी घालायची नाही, कॅसेट घालायची नाही. हवा तो गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. आज यात कुणाला नवल वाटणार नाही. पण 2003 साली अमेरिकेतल्या फ्लोरिडामधल्या इन्फिनियम लॅब्स या कंपनीने ‘फँटम’ नावाचा असा कन्सोल जाहीर केला, तेव्हा तो मोठाच मनसुबा होता. कंपनीचे संस्थापक टिम रॉबर्ट्स. 2004 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर काम केलेले केव्हिन बाकस अध्यक्ष म्हणून आले, आणि त्याच वर्षी ई-थ्री प्रदर्शनात फँटमचा नमुनाही मांडला गेला. बाजारात येण्याची तारीख मात्र पुढे ढकलली, मग आणखी पुढे, मग 2005 वर गेली. बाकसही कंपनी सोडून गेले. फँटम दुकानात आलाच नाही.

मंडळी, ही गोष्ट गेम खेळणाऱ्यांपेक्षा शेअर घेणाऱ्यांनी जास्त नीट वाचावी. इन्फिनियमचा शेअर खुल्या बाजारात होता. अमेरिकेच्या रोखे आयोगाने 2006 मध्ये आरोप ठेवला, की रॉबर्ट्स यांनी प्रचारकाला शेअर देऊन कंपनीची भलामण करणारे फॅक्स लोकांना पाठवायला लावले, आणि भाव चढल्यावर स्वतःचे शेअर विकले. रॉबर्ट्स यांनी 30,000 डॉलर दंड भरून ते प्रकरण मिटवलं. कंपनीचा एकूण तोटा तोवर 6 कोटी डॉलरच्या वर गेला होता.

विशेष म्हणजे कल्पना खोटी नव्हती. गेम इंटरनेटवरून विकत घेण्याची पद्धत पुढे जगभर रुळली. म्हणून ‘आयडिया भारी आहे’ एवढ्यावर खिशात हात घालू नका. आयडिया भारी असते आणि पैसेही बुडतात. ज्याला आयडिया सुचली त्यालाच ती तडीस नेता येईल, असं कुठे आहे? (नामांकित माणूस कंपनीत आला, हाही पुरावा नव्हे. तो जातोही.)

शंका काढणारे तेव्हाही होते. हार्डओसीपी या संकेतस्थळाने 2003 मध्येच कंपनीची आणि रॉबर्ट्स यांच्या आधीच्या धंद्यांची चौकशी करून लेख छापला. मामला कोर्टात गेला. प्रश्न विचारणाऱ्यावर कंपनी वकील सोडते, तेव्हा आपण पाकीट आणखी घट्ट धरावं, असं माझं साधं मत आहे.

आता फॅक्स कुणाकडे नाही, पण टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपचे ग्रुप आहेत. ‘लवकरच लाँच, शेअर दुप्पट होणार’ असा निरोप आला, तर पाठवणाऱ्याला त्याचा सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. कंपनीने शेअर बाजाराला काय कळवलंय, विक्रीतून खरंच काही पैसे येताहेत का, प्रवर्तक स्वतःचे शेअर विकताहेत का, हे बीएसई-एनएसईच्या संकेतस्थळांवर फुकट पाहता येतं. वस्तूची आगाऊ नोंदणी करत असाल, तर पैसे परत मिळण्याची अट आधी लेखी घ्या. तारीख एकदा हुकली तर कारण विचारा. दुसऱ्यांदा हुकली तर पैसे परत मागा.