मुलांची पायदुखी आणि मोहल्ल्यातला उन्हाचा दुष्काळ

"अम्मी, पाय दाबून दे ना." रात्री झोपताना हे वाक्य किती घरांत ऐकू येते! खेळून दमला असेल, वाढीचे वय आहे, नाहीतर शाळा बुडवायचे नखरे आहेत, असे म्हणून आपण तेल चोळतो आणि विषय संपवतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण दुखणे महिनोन्महिने चालू राहिले, जमिनीवरून उठताना किंवा जिना चढताना मूल गुडघ्यावर हात टेकू लागले, तर व्हिटॅमिन डीची कमतरता तपासायलाच हवी.

२०१६ ते २०१८ या काळात केंद्र सरकारने केलेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या १४ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या १८ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या २४ टक्के मुलांमध्ये ही कमतरता आढळली. जेवणातले कॅल्शियम शरीरात मुरण्यासाठी व्हिटॅमिन डी लागते. ते नसेल तर हाडे मऊ पडतात, स्नायू अशक्त होतात आणि अंग ठणकते. लहान मुलांचे पाय वाकतात, तो मुडदूस.

एवढे ऊन असलेल्या देशात असे का? कारण ऊन आहे, पण मुलांच्या अंगावर पडत नाही. मुंब्रा, गोवंडी, भिवंडी इथल्या दाटीच्या वस्त्यांत इमारतीला इमारत लागलेली. मैदान नाही, गच्चीला कुलूप. सकाळी शाळा, दुपारी मक्तब, संध्याकाळी ट्युशन, उरलेला वेळ मोबाइल. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हातही फार कमी मिळते. खरे काम ११ ते ३ च्या उन्हात होते.

मुलींचे तर आणखी कठीण. दहा-अकरा वर्षांची झाली की खेळणे बंद. दोष पडद्याचा नाही. गच्चीवर, अंगणात आडोसा करून हातापायांवर ऊन घेता येते. दोष तशी जागा न ठेवण्याचा आहे. हीच मुलगी उद्या आई होते आणि तिची कमतरता बाळाला मिळते. आईच्या दुधातही व्हिटॅमिन डी फार कमी असते. म्हणून बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला डॉक्टर सांगतात. एक वर्षानंतर रोजची गरज ६०० युनिट.

पण प्रत्येक दुखणे व्हिटॅमिन डीचे नसते. एकच सांधा सुजला, ताप येतो, वजन घटते, मूल लंगडते, दुखण्याने रात्री झोपेतून उठते, तर ताबडतोब डॉक्टरांकडे जा. संधिवात, हाडांचा टीबी, क्वचित रक्ताचा कॅन्सरही असू शकतो. आणि मेडिकलवाल्याला विचारून सहा लाख युनिटचे इंजेक्शन देऊ नका. जास्त डोसने रक्तात कॅल्शियम वाढते, उलट्या होतात, किडनीला इजा होते.

अंडी, मासे, '+एफ' चिन्हाचे दूध व तेल घरात आणावे. पण खरा इलाज घराबाहेर आहे. शाळा आणि मदरशांनी मधली सुट्टी मैदानात द्यावी, सोसायट्यांनी गच्चीचे कुलूप काढून कठडे मजबूत करावेत, मुलींसाठी वेगळी वेळ ठेवावी. निवडणूक आली की आपण नगरसेवकाकडे गटार, पाणी, रस्ता मागतो. या वेळी मुलांसाठी मैदानही मागू या.