सही कोणाची?



विमानाचं नाव काढलं की आपल्या पोरांना पायलट आठवतो. त्याचे खांद्यावरचे पट्टे आठवतात. पण दुरुस्ती झाल्यावर 'हे विमान उडायला लायक आहे' अशी सही लायसन्सवाला मेकॅनिक करतो. ती सही नसेल तर पायलटनं पट्टे लावून खाली बसावं. ती सही मी करतो. माझा बाप विमानतळावर कंत्राटात गवत कापायचा आणि पगाराच्या कागदावर अंगठा उठवायचा.

हे मिरवायला लिहीत नाही. भांडायला लिहितोय.

पहिलं भांडण घरातलंच. मी पाना धरला तेव्हा वस्तीतले एक शिकलेले काका म्हणाले, "कारे, बाबासाहेबांनं झाडू टाकायला लावला अन् तू पाना धरतो?" काका, बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवलंय की जात ही श्रमाची नुसती विभागणी नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. त्यांचं भांडण हाताच्या कामाशी नव्हतंच, जन्मानं लादलेल्या कामाशी होतं. हाताचं काम हलकं, हे मनूचं गणित. ते पुस्तक १९२७ साली महाडला जळालं. त्याची राख तुम्ही अजून डोक्यात घेऊन का फिरता? पोरगं सात वर्षं स्पर्धा परीक्षेच्या वाचनालयात कुजलं तरी चालेल, पण हाताला ग्रीस नको!

दुसरं भांडण मेरिटवाल्यांशी. डीजीसीएच्या लायसन्सच्या प्रत्येक पेपरात पास व्हायला ७५ टक्के लागतात. सदाशिव पेठेला ७५, आमच्या झोपडपट्टीला ७५. मी ते काढले. नगरपालिकेच्या शाळेतलं इंग्रजी घेऊन काढले.

मानवी चुकांवरही एक पेपर असतो. त्यात १९९० सालचा एक अपघात शिकवतात. ब्रिटनमध्ये एका विमानाची पुढची काच बसवली. नवे बोल्ट जुन्या बोल्टांशी नजरेनं जुळवून घेतले, पुस्तक उघडलंच नाही. ९० पैकी ८४ बोल्ट किंचित बारीक निघाले. विमान वर गेलं, काच उडाली, कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सोबत्यांनी पाय धरून ठेवले म्हणून वाचला. जुने बोल्ट आधीपासूनच चुकीचे होते, ही त्यातली खरी मेख.

हँगरवाले साहेब माणसं अशीच निवडतात. आत आहेत त्यांच्याशी नजरेनं जुळवून.

कारण नुसत्या पेपरांवर लायसन्स मिळत नाही. मोठ्या जेट विमानांसाठी मान्यताप्राप्त कोर्स केला तर दोन वर्षं, काहीच शिक्षण नसेल तर पाच वर्षं चालू विमानांवर कामाचा अनुभव लागतो. कोर्सची फी लाखांत. पेपर सरकार घेतं, पण अनुभवाचं दार मालक उघडतो. मी एका खासगी हँगरात गेलो. साहेबानं आडनाव विचारलं, मग गाव, मग "वडील काय करतात?" मार्कांचा कागद उलटाच पडून होता. "कळवतो" म्हणाला. अजून कळवतोय.

शेवटी एका सरकारी कंपनीत राखीव जागेवर शिरलो. राखीव होतं ते दार. पुढचे ७५ टक्के माझे, प्रत्येक सही माझी. आता अशी दारं कुठं राहिलीत? एअर इंडिया १९५३ पासून सरकारची होती, जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली. राखीव जागाही त्याबरोबर गेल्या. आपण किती मोर्चे काढले? मला तरी एकही आठवत नाही. आपण जयंतीच्या वर्गणीवरून भांडत होतो.

नागपूरच्या विमानतळाला २००५ पासून बाबासाहेबांचं नाव आहे. पाटी बघून आपण हात जोडतो. पाटीच्या आत सह्या करणारे आपले किती? त्याच वर्षी माहितीचा अधिकार आला, पण खासगी हँगरला तो लागू नाही. तेव्हा प्रत्येक शहरात गेटवर उभं राहा, पाळी सुटताना मोजा, आकडे या अंकासाठी पाठवा. आपण छापू.

आणि रविवारी सकाळी नऊला विहारात या. बारावीला गणित-भौतिक असलेली पोरं-पोरी, दोन्ही. बोल्ट ढिला होऊ नये म्हणून लॉकवायर कशी पिळायची ते शिकवतो. पक्कड, वायर मी आणतो. वही तुमची तुम्ही आणा.