अवसेला भेटू: केजकरांचा जाहीरनामा

आम्ही केज तालुक्यातली माणसं. आमच्यात शिक्षक आहेत, दुकानदार आहेत, शेतकरी आहेत आणि दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जाणारेही आहेत. आजपासून आम्ही एक चळवळ सुरू करतो आहोत. तिचं नाव ठरलेलं नाही. नावावरून भांडायला पुढं वेळ आहे.

अचंबा ही बुवा-बाबांची मक्तेदारी नाही, एवढंच आमचं म्हणणं. विज्ञानानं जगातली गंमत घालवली असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडं विहीर खोदताना बघावी. काळी माती संपते, मुरूम संपतो, मग काळ्या पाषाणाला सुरुंग लावावा लागतो. वर आलेल्या मलब्यात एखादा दगड फुटतो आणि आतल्या पोकळीत खडीसाखरेसारख्या गारगोट्या चमकतात. हा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उकळता लाव्हा होता. निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढं झिरपत्या पाण्यानं त्या पोकळ्यांत कणाकणानं स्फटिक बसवले. पोरं ते खिशात घालून शाळेत जातात आणि तिथं ‘अग्निजन्य खडकाची दोन उदाहरणे’ पाठ करतात. खिशातला दगड बाहेर काढ, असं कुणी म्हणत नाही. आमचं खरं भांडण इथं आहे.

मृगाचंच घ्या. सात-आठ जूनला मृग निघतो. यंदा वाहन कोल्हा की म्हैस, यावर पारावर खल होतो. पण तेव्हा ते नक्षत्र रात्री दिसतच नाही, कारण सूर्यच त्यात असतो. ते दिसतं थंडीत, पहाटे फडाकडं निघालेल्या टोळीला. जवळच कृत्तिकांचा पुंजका. त्यांचा प्रकाश निघाला साधारण साडेचारशे वर्षांपूर्वी, पैठणात एकनाथ महाराज हयात असताना. तो आज कोपीबाहेर चूल पेटवणाऱ्या बाईच्या डोळ्यांत शिरतो आणि तिला हे कुणी सांगितलेलं नसतं. ताऱ्यांनी मुकादमाची उचल फिटत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. ती लढाई वेगळी, ती लढावीच लागेल. तोवर आभाळ काय फक्त शिकलेल्यांचं?

कुणाच्या देवघरात आम्ही डोकावणार नाही. आमच्यात वारकरीही आहेत. पण तळहातावर नारळ उभा करून बोअरची जागा दाखवणाऱ्या पानाड्याला चारचौघांत विचारू: बाबा, कोरडे गेलेले बोअर किती, तेही सांग. हा पडताळा आम्हालाही लागू. तो कसा करायचा, याचा नमुना बघा. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होते आहे. अशी लहर पहिल्यांदा सापडली 2015 च्या सप्टेंबरात, अमेरिकेत. तिच्यामुळं चार किलोमीटरच्या अंतरात पडलेला फरक प्रोटॉनच्या रुंदीहूनही कितीतरी कमी होता. शास्त्रज्ञ पाच महिने तो तपासत बसले, मगच बोलले. आम्हाला ही सबुरी गावात आणायची आहे.

आमची बैठक दर अवसेला, धनेगावच्या अंगाला, मांजरा जलाशयाकाठी. त्या रात्री लोक बाहेर पडायला भितात, म्हणून. आणि चंद्र नसल्यानं तारे झकास दिसतात, म्हणूनही. टोळ्या निघण्याआधी त्यांच्या पोरांच्या हाती आभाळाचा नकाशा पडला पाहिजे, हे पहिलं काम. येताना घोंगडी आणा, बॅटरी विझवून बसा. वर्गणी नाही, सत्कार नाही. कुणीही काहीही विचारावं. उत्तर येत नसेल तर तसं सांगू आणि पुढच्या अवसेपर्यंत शोधून आणू.