काटा वर चढला की गाडी थांबवा

आमचे मामा भुसावळला रेल्वेत फिटर होते. निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी धाकटीचे लग्न केले आणि उरलेल्या पैशात एक जुनी मारुती ८०० घेतली. मामी म्हणाल्या, "चला, एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची पाळी संपली." घरातील ती पहिली चारचाकी. गल्लीतल्या पोरांनी हात लावून लावून तिचा पत्रा चमकवला.

महामार्गाचे चौपदरीकरण चालू होते तेव्हाची गोष्ट. मे महिन्यात मामींचे डोळे दाखवायला दोघे धुळ्याला निघाले. पारोळ्याच्या पुढे ट्रकची मोठी रांग लागली होती. अर्धा तास गाडी पहिल्या गिअरमध्ये सरकत राहिली आणि तापमानाचा काटा लाल खुणेकडे गेला. डॉक्टरांनी अकराची वेळ दिलेली. मामांनी विचार केला, धुळे आता कितीसे राहिले, तिथे गेल्यावर बघू. रांग सुटल्यावर काटा खाली आला. मामांना वाटले, वारा लागला. खरे म्हणजे रेडिएटरमधले पाणी उकळून इतके कमी झाले होते की काट्याच्या सेन्सरपर्यंत ते पोहोचतच नव्हते. फागण्याजवळ इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी बंद पडली. सायकलवरून जाणाऱ्या एका शेतकऱ्याने थांबून विचारले, "काय व्हयनं भाऊ?" मामांना काय सांगावे ते सुचेना.

गाडी ओढून एका गॅरेजमध्ये नेली. हेड वाकले होते, गॅस्केट जळाले होते. हेडचे फेसिंग, नवे गॅस्केट, ऑईल, मजुरी यात मामांची उरलीसुरली शिल्लक गेली. आणि आठव्या दिवशी गाडी पुन्हा तापली! या वेळी मामांनी ती जागेवरच उभी केली म्हणून हेड वाचले. दुसऱ्या फिटरने इंजिन चालू ठेवून नुसते पाहिले. काटा अर्ध्याच्या वर गेला तरी रेडिएटरचा पंखा फिरत नव्हता. फ्यूज उडालेला होता. तो फ्यूज तरी का उडाला, हेही त्याने शोधले. पंख्याच्या वायरचे आवरण घासून ती पत्र्याला लागत होती. पहिल्या ठिकाणी जे जळाले ते बदलले, पण का जळाले हे कोणी विचारले नाही. मामा स्वतः फिटर असून त्यांनाही विचारायचे सुचले नाही, याची त्यांना आजही चुटपुट आहे.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरीही आपल्या जळगाव-धुळ्याकडे अशा गाड्या अजून दिसतात. ७९६ सी.सी.चे, तीन सिलिंडरचे साधे इंजिन. पण त्याचे हेड ॲल्युमिनियमचे असते, आणि ॲल्युमिनियमला अति उष्णता सोसत नाही. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतसुद्धा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, मग बॉनेटखाली काय होत असेल!

गाडी केव्हा तापते, हे आधी पाहा. गर्दीत किंवा उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तेव्हा पहिला संशय पंख्यावर घ्यावा. पाण्याची पातळी मात्र तेव्हाही तपासावी, नाहीतर मामांसारखी फसगत होते. पंख्याच्या मोटरला बॅटरीवरून थेट करंट दिल्यावर ती फिरली तर मोटर चांगली आहे. दोष फ्यूजमध्ये, वायरमध्ये किंवा तापमानाच्या स्विचमध्ये. काही फिटर पंखा 'डायरेक्ट' करून देतात. तो घरी पोहोचण्यापुरता उपाय समजावा. याउलट गाडी वेगात धावताना तापत असेल तर पाणी कमी आहे, रेडिएटर आतून चोंदला आहे, थर्मोस्टॅट अडकला आहे किंवा वॉटर पंप, ज्याला आपले फिटर वॉटर बॉडी म्हणतात, तो गेला आहे.

रेडिएटर चोंदण्यात आपल्या बोअरच्या पाण्याचा मोठा वाटा आहे. पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसतो. म्हणून नळाचे किंवा बोअरचे पाणी घालू नये. कूलंट आणि बॅटरीसाठी मिळते ते शुद्ध पाणी मिसळून घालावे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकायची एक रीत आपल्याकडे आहे. मला ती पटत नाही. इंजिन लवकर गरम होत नाही, पेट्रोल जास्त जाते आणि मूळ दोष झाकला जातो.

काटा चढला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि किमान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आतले पाणी दाबाखाली असते. झाकण उघडताच ते तोंडावर उडते आणि चेहरा भाजतो. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले तर तडा जाण्याची भीती असते. लेकरे तहानेली असतील, पाहुणे खोळंबले असतील, तरी थांबा.

जुनी गाडी विकत घेताना ऑईल भरण्याचे झाकण उघडून पाहा. आत दुधाच्या चहासारखा फेस दिसला तर ऑईलमध्ये पाणी उतरले असण्याची शक्यता मोठी. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून मगच ते सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर गॅस्केट गेलेले समजा आणि नमस्कार करून घरी या.

आता गाडी सुरू न होण्याबद्दल. चावी फिरवल्यावर नुसता 'टक्' आवाज येतो किंवा दिवे मंद होतात, तेव्हा बॅटरी पाहावी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी जमली असेल तर आधी ऋण बाजूची वायर काढा, गरम पाण्याने धुवा, कोरडे करा आणि तीच वायर शेवटी जोडा. चांगली बॅटरी गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू झाल्यावर हा आकडा १४ च्या जवळ गेला नाही तर बॅटरीला दोष देऊ नका, अल्टरनेटर तपासून घ्या. विनाकारण नव्या बॅटऱ्या घेतलेली घरे मी पाहिली आहेत.

स्टार्टर जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तेव्हा प्लग काढून पाहा. विटकरी रंग असेल तर ठीक. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे किंवा एअर फिल्टर भरला आहे. तेलकट ओला प्लग म्हणजे ऑईल वर येते आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीचे आणखी एक दुखणे खास उन्हाळ्यातले. दुपारी गाडी दहा मिनिटे उभी केली की पेट्रोलची पंपातच वाफ होते आणि गाडी सुरू होत नाही. इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओला फडका ठेवा आणि थोडा वेळ द्या. २००० सालानंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत हा त्रास कमी आहे. मात्र त्यांचे चेक इंजिन दिवे लागले की मशीन लावूनच दोष शोधावा.

अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येते. या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करते आणि ओलावाही ओढते. पेट्रोलचे जुने पाइप आणि पंपाचा पडदा वेळेवर बदला. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू करू नका.

गॅरेजमध्ये काम झाल्यावर काढलेला भाग मागून घ्या आणि तो का गेला हे विचारा. चांगला फिटर रागावत नाही, हातात धरून दाखवतो.

ब्रेकचे काम मात्र घरी करू नका. पेडल स्पंजासारखे मऊ लागले, खाली जाऊ लागले किंवा ब्रेक ऑईलची पातळी उतरू लागली तर गाडी चालवत नेऊ नका, फिटरला घरी बोलवा. हे ऑईल हवेतला ओलावा शोषते. दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलून घ्या. कन्नडचा घाट उतरायचा बेत असेल तर निघण्याच्या आठ दिवस आधी.