न नोंदलेले देणे

रॉबर्ट बिलॉट हे अमेरिकेतील सिनसिनाटी शहराचे वकील. एका नामांकित विधिसंस्थेत ते रासायनिक कंपन्यांची बाजू सांभाळीत. १९९८ मध्ये पार्कर्सबर्गजवळचा एक शेतकरी मरणाऱ्या गुरांची तक्रार घेऊन त्यांच्याकडे आला. नेहमीचे पक्षकार दुखावतील, हे जाणूनही बिलॉट यांनी १९९९ मध्ये ड्युपॉन्टविरुद्ध दावा दाखल केला.

न्यायालयाच्या आदेशाने मिळालेली लाखाहून अधिक पाने त्यांनी स्वतः वाचली. उद्योगाची दप्तरे वाचण्याचा सराव येथे उपयोगी पडला. टेफ्लॉनसाठी वापरले जाणारे पीएफओए हे रसायन परिसरातील पिण्याच्या पाण्यात उतरल्याचे कंपनीला १९८४ पासूनच ठाऊक होते. रहिवाशांना मात्र त्याची कल्पना दिली गेली नव्हती.

२००४ च्या तडजोडीनंतर सुमारे ७०,००० रहिवाशांचे रक्त तपासले गेले आणि शास्त्रज्ञांना सहा आजारांशी या रसायनाचा संबंध आढळला. २०१७ मध्ये सुमारे ३,५०० दाव्यांपोटी ६७ कोटी १० लाख डॉलरची भरपाई ठरली.

शेजाऱ्याच्या पाण्यात सोडलेले विष ताळेबंदात देणे म्हणून दिसत नाही. म्हणून ते बुडीत खाती जात नाही. वर्षे उलटली तरी त्यावर व्याज चढतच राहते.